बुटाची नाडी

आमच्याकडं एखादा माणूस गोष्टी लिहितो असं कळलं, की लोक त्याच्याकडं गोष्ट मागत नाहीत, मानपत्र मागतात. कुंभार पिंपळगावात मराठीचा मास्तर म्हणून मी सगळी नोकरी काढली. त्यात किती मानपत्रं लिहिली ते आठवायला बसलो तर अंगावर काटा येतो. शिक्षक निवृत्त झाला, मानपत्र. ग्रामसेवकाची बदली झाली, मानपत्र. सोसायटीच्या चेअरमनची एकसष्टी, मानपत्र. कुणी मंदिराला फरशी दिली, त्यालाही मानपत्र. सकाळी दूध आणायला निघावं तर कोपऱ्यावर कुणीतरी मोटारसायकल आडवी लावून उभा. "सर, आपल्या मामाचं करून द्या की. जल्दी पाहिजे, आजच छापखान्यात देऊन राह्यलो." मामा करतात काय, असं विचारलं तर तो म्हणणार, "लई चांगला माणूस हाय सर. तुम्ही टाका बराबर."

मी बराबर टाकायचो. सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म, प्रतिकूल परिस्थितीशी झुंज, कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख, सौभाग्यवतींची समर्थ साथ आणि शेवटी उदंड आयुष्यासाठी प्रार्थना. गॅसवरच्या चहाला उकळी येईपर्यंत माझं एक मानपत्र व्हायचं. जे लोक सख्ख्या भावाशी बांधावरून बोलत नव्हते, तेही माझ्या हातून मनमिळाऊ झाले. कुणाचीच कधी तक्रार आली नाही. नाही म्हणायला मला जमलं नाही, कारण गावात राहायचं होतं आणि त्या मामांची पोरं माझ्या वर्गात होती.

गोष्टी मी पहाटे लिहायचो. बायको उठायच्या आधी, ओसरीवर, सतरंजीवर बसून. दिवाळी अंकांकडं पाठवायचो. एखादी छापून यायची, बाकीच्या परत यायच्या. आता परतही येत नाहीत, नुसत्या गप्प होतात. एका संपादकांचा मात्र फोन आला होता. मोकळा माणूस होता. म्हणाला, "सर, भाषा चांगली आहे तुमची. पण तुमच्या गोष्टीतल्या प्रत्येक माणसाला शाल घालावीशी वाटते हो." तो हसला, मीही हसलो. फोन ठेवला आणि दिवसभर मला घास गोड लागला नाही.

कारण त्याचं खरं होतं. लिहून लिहून हात बसतो, असं आम्ही पोरांना शुद्धलेखन घालताना सांगतो. माझाही हात बसला होता, पण भलत्याच जागी. गोष्टीत एखादी म्हातारी आणली की दुसऱ्या परिच्छेदात ती मायाळू व्हायची. हमाल आणला की प्रामाणिक. दारुडा आणला तर तो मनानं चांगला. मला ते दिसायचं, मी खोडायचो, आणि खोडलेल्या शब्दाच्या जागी त्याचाच सावत्र भाऊ येऊन बसायचा. या वयात आता हे बदलेल असं मला वाटत नव्हतं. थकवा म्हणतात तो हाच असावा. झोप काढली तरी तो जात नाही.

आणि मला खरं तर एकच माणूस कागदावर उभा करायचा होता.

आमच्या शाळेतले खेळाचे सर. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी. उंच, काटक, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि उजवा हात कायम पँटच्या खिशात. हात मिळवायचा झाला तर डावा पुढं करायचे. चहा पिताना उजव्या हाताची दोन बोटं कपापासून लांब, ताठ धरायचे. आम्ही सगळे त्यावरून चिडवायचो. "सर, चहा टपरीचा हाय, विलायतचा न्हाई." ते म्हणायचे, "पिणारा तर विलायतचा हाय ना." आणि बोटं आणखी ताठ करायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्याच दिवशी त्यांचा प्रश्न ठरलेला. "यंदाच्या अंकात मी हाय का?"

"न्हाई सर."

"मंग कोण हाय?"

"एक तलाठी हाय."

"तलाठ्यात काय सोनं लागलं? माझ्यात काय कमी हाय?"

हा आमचा विनोद होता. बरीच वर्षं विनोदच होता. मग हळूहळू असं झालं, की प्रश्न विचारल्यावर ते माझ्या तोंडाकडं बघत थांबायचे, आणि "न्हाई" ऐकल्यावर उगाच शिट्टीची दोरी सारखी करायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं भाजी घेऊन परत चाललो होतो, तेव्हा चालता चालता म्हणाले, "आपल्या मागं नाव घ्यायला कोणी न्हाई, सर. कागदावर तरी राहू द्या." लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागले, मेथीच्या जुडीबद्दल. त्या दिवसापासून ती गोष्ट माझ्या डोक्यावर बसली.

मी लिहून पाहिलं. एकदा त्यांना कबड्डीचा नावाजलेला खेळाडू केलं. एकदा त्यांच्या हातून एका पांगळ्या मुलाला शर्यतीत पळवलं. लिहून झालं की मी बायकोला वाचून दाखवतो, ती तांदूळ निवडत किंवा लसूण सोलत ऐकते आणि शेवटी "हं" म्हणते. तिच्या "हं"चे प्रकार मला पाठ आहेत. लांब "हं" म्हणजे बरं आहे. आखूड "हं" म्हणजे संपलं एकदाचं. खेळाच्या सरांच्या प्रत्येक गोष्टीला आखूड "हं" आला. कागदावर ते आले की देवमाणूस व्हायचे, आणि देवमाणसाचं पुढं काय झालं हे कुणालाच ऐकायचं नसतं.

मग ते निवृत्त झाले. मानपत्र अर्थातच माझ्याकडं आलं.

तेही मी चहाच्या उकळीतच लिहिलं. कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, सगळं जागच्या जागी. पण मध्येच एक वाक्य न विचारता येऊन बसलं. आमच्या शाळेत सकाळी घंटा झाली की मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लागायच्या. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली की फाटक बंद. नंतर येईल त्यानं प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सगळं संपेपर्यंत बाहेर उन्हात उभं राहायचं, असा नियम होता. घनसावंगीकडून येणारी एसटी नेमकी त्याच सुमाराला गावात लागायची. वस्त्यांवरच्या पोरी त्या गाडीनं यायच्या आणि दप्तरं छातीशी धरून पळत सुटायच्या. इकडं सर शिट्टी ओठाशी नेणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष पायाकडं जायचं. बुटाची नाडी सुटलेली. ते गुडघा टेकून खाली बसायचे आणि सावकाश नाडी बांधायचे. व्हरांड्यातून मुख्याध्यापक मनगटावरचं घड्याळ दाखवायचे, सरांची मान खालीच. ते उठून उभे राहीपर्यंत शेवटची पोरगी आत आलेली असायची.

मी मानपत्रात लिहिलं, "रोज प्रार्थनेच्या शिट्टीआधी त्यांच्या बुटाची नाडी सुटायची, आणि ती बांधून होईपर्यंत एसटीने येणारी शेवटची मुलगी फाटकाच्या आत आलेली असायची."

समारंभात हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा मंडपात एकदम शांतता झाली आणि मग टाळ्या पडल्या. सर मात्र खाली मान घालून बसले होते. नंतर हळूच मला म्हणाले, "हे कव्हा पाह्यलं तुम्ही?"

"रोजच पाहत होतो की सर."

ते अंगावरची शाल सारखी करत राहिले. मला वाटलं, त्यांना भरून आलं.

त्या वाक्यानं मला बरंच शिकवलं. त्यात एकही विशेषण नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याच मानपत्रानं मंडप गप्प झाला नव्हता. मी ठरवलं, हीच गोष्ट. पण वाक्य इतकं चांगलं होतं की त्याच्या पुढं जाताच येईना. मी तिथून सुरुवात केली तर पुढचं सगळं फिकं पडायचं. तिथं नेऊन संपवली तर पोरी रडायच्या, सर मोठ्या मनाचे व्हायचे, आणि बायको आखूड "हं" म्हणायची. वर्षांमागून वर्षं गेली. शाळेत नसले तरी दिवाळीनंतर ते घरी यायचे, फराळाच्या ताटावर बसायचे आणि विचारायचे, "यंदा मी हाय का?" मी "न्हाई" म्हणायचो आणि त्यांच्या ताटात आणखी एक करंजी वाढायचो.

असं करता करता माझीही निवृत्ती आली.

आता इथं एक अडचण झाली, जी आमच्याच गावात होऊ शकते. अख्ख्या गावात मानपत्र लिहिणारा माणूस एक, आणि सत्कार त्याचाच. ज्याचं मानपत्र त्यालाच लिहायला कसं सांगणार? हे काम आमच्या शाळेतल्या नव्या मॅडमवर आलं. त्या बिचाऱ्या संकोचल्या आणि सरळ छापखान्यात गेल्या. छापखानेवाल्याकडं कॉम्प्युटरमध्ये माझी जुनी मानपत्रं पडून होतीच. त्यानं त्यातलं शिक्षकाचं म्हणून एक काढलं, नाव बदललं, विषय बदलला, सोनेरी किनार टाकली आणि फ्रेम करून दिलं.

समारंभाचे अध्यक्ष नेहमीप्रमाणे शेठजी होते. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले आणि कापडाचं दुकान टाकून इथंच राहिले. गावातल्या प्रत्येक सत्काराची शाल शेठजींच्या दुकानातली असते आणि प्रत्येक सत्काराचं भाषणही त्यांचंच असतं. मला फेटा बांधला, शाल घातली, बायकोला साडी दिली. पहिल्या रांगेत खेळाचे सर आणि त्यांच्या मिसेस. मॅडम मानपत्र वाचायला लागल्या. सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म. प्रतिकूल परिस्थिती. मी ओळखीच्या रस्त्यानं चालल्यासारखा ऐकत होतो, खरं सांगायचं तर फेट्यानं डोकं दुखत होतं. आणि मग मॅडमनी वाचलं, "रोज प्रार्थनेच्या शिट्टीआधी त्यांच्या बुटाची नाडी सुटायची..."

तोवर मी जन्मात बूट घातले नव्हते. लग्नातसुद्धा चपलाच होत्या. त्या क्षणीही खुर्चीखाली माझ्या पायात चपलाच होत्या, आणि मी पाय मागं ओढून घेतले. मंडप शांत झाला. मग टाळ्या पडल्या, तशाच, किंबहुना जास्तच.

मी खेळाच्या सरांकडं पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते, पण त्यांचा उजवा हात खिशातच असायचा, त्यामुळं त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं.

उत्तराला उभा राहिलो तेव्हा मी सरळ सांगितलं. म्हणालो, मघाचं ते नाडीचं वाक्य माझं नाही, ते आपल्या खेळाच्या सरांचं आहे, चुकून माझ्या मानपत्रात आलं. लोकांनी याला आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. शेठजी माईकशी येऊन म्हणाले, "ह्याला म्हणतात विनम्रपणा. स्वतःचं चांगुलपण बी दुसऱ्याच्या नावावर टाकणारा माणूस." मी परत माईक घ्यायला गेलो, पण मागं पंगत बसायला लागली होती आणि वरणाचा वास सुटला होता. वरणापुढं कोण ऐकतंय.

जेवणाच्या वेळी एक बाई कडेवर लेकरू घेऊन पुढं आली. आमचीच जुनी विद्यार्थिनी. वाकून पाया पडली आणि म्हणाली, "सर, मी त्याच गाडीनं यायची. तुम्ही नाडी बांधत बसायचात ते मला अजून दिसतं. पांढरे बूट होते तुमचे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती माझ्या चपलांकडं बघत होती आणि तिला बूट दिसत होते. मी तिला म्हणालो, अगं ते मी नव्हतो, तर ती हसून म्हणाली, "तुम्ही असंच म्हणणार." जन्मभर मी धडपडलो की माझं लिहिलेलं वाचणाऱ्याला डोळ्यासमोर दिसावं. दिसलं ते असं, आणि भलत्याच माणसाच्या पायात.

खेळाचे सर जाताना भेटले. डाव्या हातानं माझा खांदा दाबला. "नाडी चांगली बसली तुम्हाला," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. थट्टा होती, पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं फ्रेम कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, आता ती नाडी तुमचीच झाली. गावानं दिली." मला तिचा राग आला, शेठजींचा आला, छापखानेवाल्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. ज्या माणसानं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती त्याला मी एक वाक्य दिलं होतं, आणि तेही माझ्याच गळ्यात पडलं होतं. आता नाडीवर गोष्ट लिहिली तर गाव म्हणणार, सरांनी स्वतःवर लिहिलं. न लिहावी तर माझ्याकडं त्यांचं दुसरं काहीच नव्हतं. मी बायकोला सांगून टाकलं, "बास. आता लिहिणं बंद. डोळेबी चालत न्हाईत." ती म्हणाली, "हं." कुठल्या प्रकारचा होता तो कळलं नाही.

बरेच दिवस मी सतरंजी काढली नाही. पहाटे जाग यायची आणि मी नुसता पडून राहायचो. मग एका दुपारी उठलो आणि त्यांच्या घरी गेलो. घर गावाबाहेर, पुढं मोसंबीची थोडी झाडं. ते ओट्यावर बसले होते, पायात रबरी चपला. वहिनींनी चहा आणला. मी म्हणालो, "सर, ते मानपत्राचं..."

"सोडा हो. छापखान्यावाल्याची चूक. तुम्ही काय करणार?"

"चूक असंल. पण तुमचं एवढंच एक खरं वाक्य होतं माझ्याकडं. ते बी गेलं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. दोन बोटं ताठ. मग कप खाली ठेवला आणि म्हणाले, "ते बी खरं न्हाई."

"काय?"

"मी कोणासाठी थांबत नव्हतो, सर. मला गाठच जल्दी बसत नव्हती."

आणि त्यांनी तो हात माझ्यापुढं धरला. मूठ मिटायचा प्रयत्न केला. अंगठा वळला, दोन बोटं वळली, उरलेली दोन तशीच सरळ राहिली.

"नोकरीची ऑर्डर निघाल्ती. त्याच उन्हाळ्यात वाटूरला कबड्डी खेळाया गेल्तो. हात खाली आला अन् वरून पोरं पडली. हाडवैद्यानं बसवलं. बसवलं ते असं. ही दोन वळंनातच. आता खेळाचा मास्तर अन् बोटं वळंनात, तर मला कोणी ठेवलं असतं का? पर्मनंट व्हायचं होतं. मंग हात खिशात घातला. घातला तो घातलाच."

वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सकाळी बूट मीच बांधून द्यायची. सायकलवर जाता जाता एक तरी नाडी सुटायचीच. म्हणलं दुहेरी गाठ मारते, तर म्हणायचे नको, लहान लेकरासारखं दिसतं, पोरी हसतील."

"अन् सुटलेली नाडी घेऊन पोरांपुढं उभं राहता येत न्हाई," सर म्हणाले. "खाली बसायचो. तिकडं मुख्याध्यापक घड्याळ दाखवून राह्यले, इकडं गाठ निसटून राह्यली. घाम फुटायचा. कोणी पाहील म्हणून हातावर वाकून बसायचो. तुम्ही त्याला चांगुलपण लिहिलं. म्हणलं लिहू द्या. चांगलं दिसतं."

इतकी वर्षं मी त्या हाताशेजारी बसून डबा खाल्ला होता. विलायती चहा म्हणून हसलो होतो. एका गोष्टीत तर मी ती ताठ बोटं एका गर्विष्ठ साहेबाला दिली होती आणि तेवढ्या एका जागेसाठी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्यांच्या मुठीकडं बघताना मला माझ्या डोळ्यांची लाज वाटली. सगळं पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी वर एक शाल टाकली होती.

"हे लिहू का?" मी विचारलं.

"लिहा. आता कोण काढतंय मला? पेन्शन चालू हाय."

वहिनी कप उचलता उचलता म्हणाल्या, "लिहा भाऊजी. पण ह्यांना लई चांगलं करू नका."

मी घरी आलो आणि माळ्यावरून आमच्या मुलाचे जुने बूट काढले. ओसरीवर बसून ते पायात घातले, उजव्या हाताची दोन बोटं ताठ ठेवली आणि नाडी बांधायला लागलो. नाडी बोटांतून निसटायची. फास धरून ठेवायला काहीच नसायचं. तिसऱ्यांदा निसटली तेव्हा मला राग आला, मग कुणी बघत तर नाही ना म्हणून मी मान वर केली. बायको दारात उभी राहून बघत होती. मी पटकन हात पोटाशी घेतला. ते मी ठरवून केलं नव्हतं.

तिथून गोष्ट सुरू केली. लिहिणं सोपं गेलं असं मी म्हणणार नाही. हात जुन्या सवयीनं "जिद्दी" लिहायचा, "मूकपणे सोसणारा" लिहायचा. मी एक नियम केला. ज्या वाक्यावर शेठजी टाळी वाजवतील असं वाटेल, ते वाक्य खोडायचं. निम्मी गोष्ट गेली. पळत येणाऱ्या पोरी गेल्या, कारण खाली वाकलेल्या माणसाला पोरी दिसत नाहीत. त्याला बूट दिसतो, माती दिसते, घड्याळ दाखवणाऱ्याची सावली दिसते. पावसाळाभर मी तेवढंच करत होतो. मान दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि यातून काही निघेल असं मला एकाही दिवशी वाटलं नाही. पण सकाळी बायको उठली की माझा चहा पूर्वीसारखा परत सतरंजीवर आणून ठेवायला लागली होती.

एका दुपारी तिला वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत होती. मध्येच मी पान उलटायला थांबलो तर ती म्हणाली, "मंग?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या गोष्टीला तिनं "मंग?" कधी म्हटलं नव्हतं. मी पुढं वाचलं.

गोष्ट त्याच संपादकांकडं पाठवली. घेतली, एवढाच निरोप आला. दिवाळी झाली, अंक आला, आणि यावेळी खेळाचे सर येण्याची वाट न बघता मीच तो घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. मला बघितल्यावर त्यांनी नेहमीचं विचारलं, थट्टेच्या आवाजात, "काय सर, यंदा मी हाय का?"

"हाय."

ते हसायचे थांबले. अंक हातात घेतला, पानं चाळली, परत माझ्याकडं दिला. "तुम्हीच वाचा. चष्मा आत हाय." चष्मा त्यांच्या खिशाला लावलेला होता.

मी वाचलं. वहिनी आतून येऊन पायरीवर बसल्या. मी वाचत असताना सरांनी उजवा हात खिशातून काढला आणि गुडघ्यावर ठेवला, आणि शेवटपर्यंत तो तिथंच होता. गोष्ट संपली. मोसंबीच्या झाडांवर साळुंक्या ओरडत होत्या. वहिनी म्हणाल्या, "बराबर हाय. असंच व्हायचं." आणि पदरानं नाक पुसलं.

सरांनी गुडघ्यावरचा हात उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "सर, एक ऱ्हायलं."

"काय?"

"शेवटी शेवटी गाठ बसायला लागल्ती. सवयीनं. डाव्या हातानं धरायचं अन् ह्या अंगठ्यानं दाबायचं, जमलं होतं ते." त्यांनी अंगठा वाकवून दाखवला. "मान वर करून पाहायचो. गाडी आलेली नसली, की बसलेली गाठ परत सोडायचो."

माझ्या हातात अंक होता. छापून, शिवून, गावोगाव गेलेला. त्यात आता एक अक्षरही घालता येत नव्हतं.

"हे त्या दिवशी का न्हाई सांगितलं?" मी विचारलं. मला वाटतं माझा आवाज चढला होता.

त्यांनी हात परत खिशात घातला.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा मानपत्र लिहिलं असतं," ते म्हणाले.

लिहिलं असतं. मला माझी खात्री आहे.